कौल लावताना प्रश्न एकच विचारावा

आमच्या टीममध्ये एक गोवेकर आहे. त्याला चिडवायची ठरलेली पद्धत म्हणजे जेवताना माशाचा विषय काढायचा आणि हळूच म्हणायचं, "काय रे, गोवा तसा आमचाच. थोडक्यात हुकला." इतके दिवस तो नुसता हसायचा. मागच्या आठवड्यात मात्र डबा बंद करत म्हणाला, "हुकला नाही रे. आम्हाला नीट विचारलं आणि आम्ही नीट उत्तर दिलं. तुम्हाला आयुष्यात कुणी असा एक तरी प्रश्न सरळ विचारलाय का?"

आता यावर काय बोलणार? मीटिंगची वेळ झाली म्हणून सुटलो. पण वाक्य डोक्यात राहिलं आणि शनिवार-रविवार त्यातच गेला. पहिल्यांदा वाटलं होतं की गोव्याचा ओपिनियन पोल म्हणजे महाराष्ट्रवादी विरुद्ध गोवावादी एवढीच भानगड असेल. वाचत गेलो तसं लक्षात आलं की ही गोष्ट भाषेची आणि अस्मितेची तर आहेच, पण त्याहून जास्त ती निवडणूक कायद्याची आहे. मत कुणाला, प्रश्न कोणता आणि उत्तराचा अर्थ कुणी लावायचा, या तीन गोष्टींची.

आधी थोडं घरचं. आमचं गाव सावंतवाडीकडचं. गावातल्या देवळात कौल लावतात. गुरव देवापुढे गाऱ्हाणं घालतो, पाषाणावर ओल्या कळ्या लावतो आणि मग सगळे गप्प बसून बघत राहतात. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. माझ्यासारख्या इंजिनियरचा यावर किती विश्वास हा मुद्दा सोडा. पण आजीचा एक नियम मला अजून आठवतो. "कौल लावताना प्रश्न एकच विचारावा. दोन एकदम विचारलेस तर देवान कुठल्याचा उत्तर दिलान ता कसा कळतला?" डीबगिंगचा पहिला धडा मला कॉलेजच्या आधी आजीने दिला असं म्हणायला हरकत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर बग कशामुळे गेला ते कळत नाही.

गोव्यातही ओपिनियन पोलला मराठीत 'जनमत कौल'च म्हणतात. शब्द अगदी चपखल आहे, आणि तो का चपखल आहे ते सांगण्यासाठीच हा सगळा खटाटोप.

सुरुवात पोर्तुगीजांपासून. त्यांच्या राज्यात मतदान नव्हतंच असा माझा समज होता, तो चुकीचा निघाला. पोर्तुगालमध्ये १८२० साली उदारमतवादी क्रांती झाली आणि त्यानंतर १८२२ मध्ये गोव्यातून तीन प्रतिनिधी लिस्बनच्या संसदेसाठी निवडले गेले. म्हणजे बघा, पुण्यात पेशवाई जाऊन जेमतेम चार वर्षं झाली होती! त्या तिघांपैकी एक बेर्नार्दो पेरिस द सिल्व्हा. पुढे १८३५ मध्ये त्यालाच गोव्याचा प्रमुख म्हणून नेमलं. या पदावर आलेला तो पहिला गोंयकार. पण काही दिवसांतच लष्कराने बंड करून त्याला हाकलून दिलं. कागदावर हक्क आणि जमिनीवर संगीन, हा प्रकार तिथे फार जुना आहे.

मत मोजक्या लोकांनाच होतं हे तर उघडच. लिहिता-वाचता येणारे किंवा कर भरणारे एवढ्यांपुरताच मतदानाचा कायदा होता, आणि शेतात राबणारा कूळ-मुंडकार या दोन्हींत बसत नव्हता. मग सालाझारची हुकूमशाही आली. १९३० च्या 'वसाहत कायद्या'ने उरलंसुरलं राजकीय अस्तित्वही गेलं. जाहीर सभा घ्यायलासुद्धा परवानगी लागायची. १८ जून १९४६ ला डॉ. राममनोहर लोहिया मडगावला बोलायला उभे राहिले, तेव्हा मोडायचा कायदा एवढाच होता की परवानगीशिवाय भाषण करायचं नाही! पुढे जगभर वसाहतींविरुद्ध वातावरण तापलं तसं १९५१ मध्ये पोर्तुगालने नाव बदललं. वसाहत नाही म्हणे, 'सागरापलीकडचा प्रांत'. थोडक्यात, व्हेरिएबलचं नाव बदललं, व्हॅल्यू तीच.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. लष्करी कारवाई दोन दिवसांत आटोपली, खरं काम पुढेच होतं. साडेचारशे वर्षं वेगळ्या कायद्याखाली असलेला मुलूख भारतीय राज्यघटनेत बसवायचा कसा? सुरुवातीला मेजर जनरल कँडेथ लष्करी गव्हर्नर होते. मार्च १९६२ मध्ये आधी वटहुकूम आणि मग प्रशासनाचा कायदा आला. त्यात सांगितलं होतं की जुने कायदे बदलेपर्यंत चालू राहतील. (पोर्तुगीज नागरी कायदा गोव्यात टिकला त्याचं मूळ हे.) बारावी घटनादुरुस्ती झाली आणि गोवा, दमण आणि दीव हा केंद्रशासित प्रदेश म्हणून घटनेच्या पहिल्या परिशिष्टात गेला. ही दुरुस्ती १९६२ ची, पण लागू धरली २० डिसेंबर १९६१ पासून. बॅकडेटेड रिलीज म्हणा ना!

मला सगळ्यात आवडला तो नागरिकत्वाचा आदेश, २८ मार्च १९६२ चा. ज्यांचा स्वतःचा, आईवडिलांपैकी एकाचा किंवा आजीआजोबांपैकी कुणाचाही जन्म या प्रदेशात २० डिसेंबर १९६१ पूर्वी झालाय, ते सगळे आपोआप भारतीय. ज्याला नको असेल त्याने महिन्याभरात तसं लेखी कळवायचं. म्हणजे डीफॉल्ट 'हो', नको असेल तर फॉर्म भरा. काहींनी भरलाही. एका पाद्रीबाबांनी पोर्तुगीज नागरिकत्व ठेवलं आणि राहण्याच्या परवान्यावरून त्यांचा खटला थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. १९६९ च्या निकालात ते हरले. पण बहुतेक सगळे गोवेकर एका रात्रीत भारताचे नागरिक झाले, आणि त्याबरोबर एकवीस वर्षांवरच्या प्रत्येकाला मत मिळालं. वाचता येतं का, कर भरतोस का, कुणी विचारलं नाही. भाटकाराला एक मत आणि त्याच्या मुंडकारालाही एकच मत. माझ्या मते गोव्यातली सगळ्यात मोठी क्रांती ती हीच.

पण मत मिळालं तरी निवडून द्यायला विधानसभा कुठे होती? केंद्रशासित प्रदेश म्हणजे दिल्लीचा कारभार. त्यासाठी चौदाव्या घटनादुरुस्तीने कलम २३९-ए आणलं आणि १९६३ मध्ये केंद्रशासित प्रदेश शासन कायदा झाला. तीस आमदार ठरले, अठ्ठावीस गोव्याचे आणि दमण-दीवचा एकेक. ९ डिसेंबर १९६३ ला पहिली विधानसभा निवडणूक झाली.

देशभर काँग्रेसचा दबदबा, वर गोवा मुक्त करणारं सरकार त्यांचंच. निकाल काय लागला? काँग्रेसला एक जागा, तीही दमणची. गोव्याच्या जमिनीवर शून्य! महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला (म्हणजे मगोला) चौदा, युनायटेड गोवन्स पार्टीला बारा, बाकी अपक्ष. अपक्षांच्या मदतीने मगोचं सरकार आलं आणि दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. भाऊसाहेब स्वतः ही निवडणूक लढलेच नव्हते, ते नंतर पोटनिवडणुकीतून आले. विरोधी बाकांवर युनायटेड गोवन्सचे डॉ. जॅक सिक्वेरा.

आता खरी गंमत. मगोच्या नावातच 'महाराष्ट्रवादी' होतं. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा हा जाहीर कार्यक्रम होता, त्यात लपवाछपवी काहीच नव्हती. तेव्हा निवडून आल्यावर त्यांनी सरळ हिशोब मांडला की लोकांनी आम्हाला बहुमत दिलं म्हणजे विलीनीकरणाला कौल दिला. १९६५ मध्ये गोव्याच्या विधानसभेने विलीनीकरणाचा ठराव केला. महाराष्ट्राच्या विधानसभेनेही त्याच वर्षी केला. संयुक्त महाराष्ट्र होऊन पाचच वर्षं झाली होती आणि बेळगावची जखम ताजी होती. मराठी माणसाला वाटत होतं की कोकणाचा हा तुकडा तरी सुखाने घरी येतोय.

विलीनीकरणवाल्यांचा हिशोब अगदीच चुकीचा होता का? मला तसं वाटत नाही. मगोला मत देणारा माणूस कोण होता ते बघा. तो बहुजन समाजातला होता. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या भाटात राबलेला, शाळेपासून दूर ठेवलेला. त्याच्यासाठी मराठी ही देवळातली, भजनातली, नाटकातली भाषा, आणि महाराष्ट्र म्हणजे कुळकायदा आणि शाळा. सत्ता इथल्याच भाटकारांच्या हातात राहिली तर आपलं काही खरं नाही, ही त्याची भीती खरी होती. बांदोडकरांच्या सरकारने १९६४ मध्ये कुळकायदा आणला, गावोगाव मराठी प्राथमिक शाळा काढल्या. तेव्हा त्याने सिंहावर शिक्का मारला (सिंह म्हणजे मगोची निशाणी) तो कशासाठी? जमिनीसाठी? शाळेसाठी? भाटकाराला एकदा तरी हरवायचं म्हणून? की गोव्याची हद्द पुसायची म्हणून?

शिक्का एक आणि प्रश्न चार. आजी म्हणाली असती, देवाने कुठल्याचं उत्तर दिलं ते कसं कळणार?

डॉ. सिक्वेरा आणि त्यांच्या बाजूच्या लोकांनी नेमका हाच मुद्दा लावून धरला. सरकार पाच वर्षांसाठी असतं, पुढच्या वेळी बदलता येतं. विलीनीकरण एकदा झालं की झालं. त्यात परत फिरण्याची सोय नाही, कारण परत फिरायचं म्हटलं तर ते ठरवणारी गोव्याची विधानसभाच उरणार नाही. मग असा निर्णय आमदारांच्या साध्या बहुमताने कसा घ्यायचा? थेट लोकांना विचारा. काँग्रेसचे पुरुषोत्तम काकोडकर दिल्लीत याच गोष्टीसाठी खटपट करत होते. पंडित नेहरूंनी गोव्याचं वेगळेपण जपण्याचा शब्द दिला होता, पण ते १९६४ मध्ये गेले. मग शास्त्रीजी आले, तेही जानेवारी १९६६ मध्ये गेले. प्रश्न इंदिरा गांधींच्या टेबलावर येऊन पडला.

कायदा काय म्हणत होता? इथे मी अक्षरशः खुर्चीत ताठ बसलो. राज्यांच्या सीमा बदलायचा अधिकार घटनेच्या कलम ३ ने संसदेला दिलाय. साधं बहुमत पुरतं. अट एवढीच, की ज्या राज्याची हद्द बदलणार त्याच्या विधानसभेकडे विधेयक मत कळवण्यासाठी पाठवायचं. ते मतही संसदेवर बंधनकारक नाही. आणि १९६६ च्या अठराव्या घटनादुरुस्तीने त्याला एक स्पष्टीकरण जोडलं. सीमा बदलण्यापुरता 'राज्य' या शब्दात केंद्रशासित प्रदेश येतो, पण मत विचारण्याच्या अटीत मात्र येत नाही!

याचा अर्थ काय होतो बघा. गोवा महाराष्ट्रात घालायचा तर महाराष्ट्राच्या विधानसभेला विचारणं भाग होतं, कारण महाराष्ट्राची हद्द बदलणार. गोव्याच्या विधानसभेला विचारणं भाग नव्हतं. नवऱ्यामुलाकडच्यांना विचारा, मुलीला विचारायची गरज नाही, असाच प्रकार. आणि सार्वमताची तरतूद तर आपल्या घटनेत मुळातच नाही.

म्हणजे दिल्लीवर कसलंही बंधन नव्हतं. तरीही विचारायचं ठरलं. विचारायची पद्धतच कायद्यात नसल्यामुळे त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला: गोवा, दमण आणि दीव (जनमत कौल) कायदा, १९६६. राष्ट्रपतींची सही झाली १६ डिसेंबर १९६६ ला. बरोबर एका महिन्याने, १६ जानेवारी १९६७ ला, मतदान.

तसं जुनागढमध्ये १९४८ ला आणि सिक्कीममध्ये १९७५ ला लोकांचं मत घेतलं गेलं होतं. पण ते प्रश्न भारतात यायचं की नाही याबद्दलचे. आधीच भारतात असलेल्या प्रदेशाला, तुला घरातली कुठली खोली हवी असं विचारलं गेलं ते गोव्यात.

आता या कौलाची रचना बघू, कारण खरी कारागिरी तिथे आहे.

पहिली गोष्ट म्हणजे प्रश्न. पर्याय दोनच ठेवले. एक, गोवा महाराष्ट्रात आणि दमण-दीव गुजरातमध्ये विलीन व्हावं. दोन, आहे तसा केंद्रशासित प्रदेश राहावा. मतपत्रिकेवर पक्ष नाही, उमेदवार नाही, बांदोडकर नाहीत, सिक्वेरा नाहीत. विलीनीकरणाला फूल आणि वेगळं राहण्याला दोन पानं, एवढ्याच निशाण्या. ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळेल असं.

दुसरी गोष्ट सरकारची. एका बाजूचं नेतृत्व करणारा माणूसच मुख्यमंत्र्याच्या खुर्चीत बसलेला असताना मतदान निष्पक्ष होईल का, असा विरोधकांचा सवाल होता. तो मान्य झाला आणि ३ डिसेंबर १९६६ ला बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. राष्ट्रपती राजवट आली. सत्तेतला माणूस मतदानासाठी खुर्ची सोडतो हे आज वाचताना किती विचित्र वाटतं! भाऊसाहेबांच्या बाजूने एवढं म्हणायलाच हवं की त्यांनी ती सोडली.

तिसरी गोष्ट, मतदार कोण? या मुद्द्यावर खूप वाद झाला. मुंबईत हजारो गोवेकर राहत होते, गिरगावापासून माझगावपर्यंत. गावच्या नावाने चालणाऱ्या क्लबांत खलाशी आणि आचारी राहायचे, पैसे घरी पाठवायचे. विलीनीकरणाच्या विरोधकांची मागणी होती की त्यांनाही मत द्या, गोवा त्यांचाही आहे. ती मागणी मान्य झाली नाही. मत गोव्यात राहणाऱ्यालाच मिळालं. ही तिसरी गोष्ट मला जरा बोचली. माझं नाव अजून गावच्या यादीत आहे आणि मी राहतो पुण्यात. गावाचं काय व्हावं हे ठरवायचा अधिकार गावात जन्मलेल्याला की गावात राहणाऱ्याला? दोन्ही बाजूंनी भांडता येईल. पण उत्तर काहीही दिलं तरी निकाल बदलू शकतो, हे लक्षात ठेवा.

प्रचार तर विचारूच नका. सगळ्यात मजेशीर गोष्ट म्हणजे महाराष्ट्रात जायचं की नाही हे भांडण मराठीत झालं! 'गोमन्तक' हे मराठी दैनिक विलीनीकरणाच्या बाजूने आणि 'राष्ट्रमत' हेही मराठी दैनिक, ते विरोधात. राष्ट्रमतमध्ये उदय भेंब्रे यांचं 'ब्रह्मास्त्र' हे सदर चालायचं. उल्हास बुयांवांची कोंकणी गाणी गावोगाव वाजत होती. हिंदू गोवेकर मराठी वाचत होता, त्यामुळे त्याला 'महाराष्ट्रात जाऊ नकोस' हे मराठीतूनच सांगावं लागत होतं. भाषेवर प्रेम असणं आणि त्या भाषेच्या राज्यात विलीन व्हायची इच्छा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्हा मराठी लोकांना तेव्हा पचलं नाही. आजही पचतं का?

निकाल असा लागला. गोव्यात मतदार ३,८८,४३२. मतदान केलं ३,१७,६३३ जणांनी, म्हणजे जवळजवळ ८२ टक्के. केंद्रशासित राहावं, १,७२,१९१. विलीन व्हावं, १,३८,१७०. बाद मतं ७,२७२. फरक ३४,०२१.

मी कॅल्क्युलेटर काढला. फक्त १७,०११ माणसांनी पानांऐवजी फुलावर शिक्का मारला असता तर आज सिंधुदुर्गाच्या खाली महाराष्ट्राचा आणखी एक जिल्हा असता. पुण्यातल्या दोन-तीन मोठ्या आयटी पार्कांत मिळून तेवढी माणसं सहज सापडतील! आणि एक गोष्ट. तेव्हा गोव्यात हिंदू साधारण साठ टक्के आणि ख्रिश्चन चाळीस टक्क्यांच्या आत. 'ख्रिश्चनांमुळे गोवा गेला' असं मी लहानपणी ऐकत आलो होतो. हे आकडे समोर ठेवले की ती समजूत टिकत नाही. भरपूर हिंदूंनी पानांवर शिक्का मारल्याशिवाय हे गणित जुळतच नाही.

आता थांबा. गोष्ट इथे संपत नाही. माझ्या मते खरा निकाल याच्या दहा आठवड्यांनंतर लागला.

२८ मार्च १९६७ ला गोव्यात विधानसभेची निवडणूक झाली. जानेवारीत हरलेला पक्ष कोणता? मगो. ज्या मुद्द्यावर पक्ष काढला तो मुद्दाच लोकांनी फेटाळलेला. तुमच्या-माझ्या हिशोबाने पक्ष संपायला हवा. निकाल लागला तेव्हा मगोला सोळा जागा, आधीपेक्षा जास्त! युनायटेड गोवन्स पुन्हा बारावरच. एप्रिलमध्ये भाऊसाहेब बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले आणि १९७३ मध्ये निधन होईपर्यंत राहिले.

गोवेकरांचा गोंधळ उडाला होता का? अजिबात नाही. आजीची थोरली बहीण बार्देशात दिलेली होती. तिने जानेवारीत दोन पानांवर शिक्का मारला आणि मार्चमध्ये सिंहावर. ती ऐंशीच्या पुढे गेली तेव्हा घरात कुणीतरी तिला चिडवलं होतं की तुझं डोकं ठिकाणावर होतं का. मावशीआजी म्हणाली, "भाऊंक मत दिलंय, घराचो कागद नाय दिलंय."

तेव्हा मी शाळेत होतो, सगळे हसले म्हणून मीही हसलो. या शनिवारी ते वाक्य आठवलं आणि वाटलं, एवढी पुस्तकं वाचली त्यांचं सार म्हातारीने सात शब्दांत सांगितलं होतं. कारभार करायला कोण चांगला, हा एक प्रश्न. आपलं घर कुणाच्या नावावर, हा दुसरा प्रश्न. १९६३ च्या निवडणुकीने दोन्ही एकाच शिक्क्यात कोंबले होते. १९६६ च्या कायद्याने ते सोडवून वेगळे केले, आणि वेगळे केल्यावर त्याच लोकांनी दोन वेगळी उत्तरं दिली. १९६३ चं बहुमत खोटं नव्हतं. त्याचा लावलेला अर्थ चुकीचा होता.

हे सगळं वाचून 'वा, काय लोकशाही!' म्हणून लॅपटॉप बंद करणार होतो. पण एक गोष्ट राहून गेली. पर्याय दोनच का?

महाराष्ट्रात विलीन व्हा, नाहीतर केंद्रशासित राहा. 'आम्हाला आमचं स्वतंत्र राज्य हवं' असा तिसरा पर्याय मतपत्रिकेवर नव्हता. दोन पानांवर शिक्का मारणाऱ्याला मनातून राज्य हवं असलं तरी त्याच्या मताची नोंद 'दिल्लीचा कारभार चालू ठेवा' अशीच झाली. त्या राज्यासाठी आणखी वीस वर्षं जावी लागली. मधल्या काळात भाषेचा प्रश्न पेटला, १९८५-८६ चं कोंकणी आंदोलन झालं. ४ फेब्रुवारी १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरीतली कोंकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही सरकारी वापरात जागा ठेवली गेली. ३० मे १९८७ ला गोवा देशाचं पंचविसावं राज्य झालं, दमण-दीव वेगळे झाले. त्यासाठी छप्पन्नावी घटनादुरुस्ती लागली. राज्याच्या विधानसभेत किमान साठ आमदार हवेत असं घटनेचं कलम १७० म्हणतं, आणि एवढ्याशा गोव्यात साठ आमदार आणायचे कुठून? म्हणून कलम ३७१-आय घातलं, गोव्याला किमान तीस चालतील असं. पुढे ठरले चाळीस.

भाषेच्या प्रश्नावर मात्र कौल कधीच लागला नाही. तो आंदोलनात आणि विधानसभेत सुटला, आणि काहींच्या मते अजून सुटलेला नाही. १९६७ च्या कौलाचा अर्थ 'कोंकणी जिंकली, मराठी हरली' असाही पुढे लावला गेला. पण मतपत्रिकेवर भाषेचा शब्दही नव्हता. ज्या चुकीसाठी १९६३ च्या विजेत्यांना बोल लावला, तीच चूक १९६७ च्या विजेत्यांच्या बाजूनेही झाली. जिंकलेल्या माणसाला आपल्या मतात न विचारलेल्या प्रश्नांचीही उत्तरं दिसायला लागतात. त्यात पक्ष, भाषा, धर्म असा भेद नाही.

सोमवारी कॅंटीनमध्ये त्या गोवेकराला हे सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "माझे आजोबा फुलवाले होते रे. कट्टर. मरेपर्यंत म्हणायचे, चूक झाली." मी बघतच राहिलो. त्या १,३८,१७० जणांपैकी एकाचा नातू माझ्यासमोर बसून सोलकढी पीत होता, आणि इतके दिवस मी त्यालाच 'हुकला' म्हणून चिडवत होतो.

"आणि आजी?" मी विचारलं.

"आजीने कधी सांगितलंच नाही. म्हणायची, मत गुप्त असतं."

१६ जानेवारीला गोव्यात 'अस्मिताय दीस' साजरा करतात. पुढच्या वर्षी त्या दिवशी त्याला शुभेच्छा द्यायच्या असं ठरवलंय. माशावरून चिडवणं चालू राहील, 'हुकला' तेवढं बंद.